आयसीयूतील जंतू नेमके कोठे असतात? : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

अतिदक्षता विभागातील स्वच्छता, तेथील हवा आणि उपचार चालू असताना रुग्णाला होणारा नवा जंतुसंसर्ग यांविषयी मराठवाड्यातील वाचकांकडून आलेली काही पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रांचा आशय थोडक्यात दिला आहे. पत्रलेखकांची नावे आणि रुग्णालयांची ओळख वगळली आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आल्यावर एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत दाखल करून व्हेंटिलेटरवर ठेवले होते. काही दिवसांनी त्यांना ताप आला, नळीतील स्रावाच्या कल्चरमध्ये (नमुन्यातील जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीत) ‘असिनेटोबॅक्टर’ नावाचे जंतू निघाले आणि फार महागडी इंजेक्शने सुरू करावी लागली. वडील आता घरी आहेत. दाखल करताना हा संसर्ग त्यांना नव्हता, असे डॉक्टरांनीच सांगितले. मग तो आला कोठून? तेथील फरशी तर आरशासारखी चकचकीत होती.
— एक वाचक, परभणी

उत्तर : वडील घरी परतले हे वाचून बरे वाटले. आपल्या प्रश्नाचे उत्तर फरशीत सापडणार नाही. ते पलंगाच्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणांवर, सलाईनच्या पंपावर, व्हेंटिलेटरच्या पडद्यावर आणि या सगळ्यांना स्पर्श करून रुग्णाकडे वळणाऱ्या हातांवर शोधावे लागते.

असिनेटोबॅक्टर बाऊमानी हा जिवाणू कोरडेपणा विलक्षण सहन करतो. ओलावा गेला की बहुतेक जंतू मरतात अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, परंतु हा जिवाणू कोरड्या प्लॅस्टिकवर किंवा धातूवर काही दिवसांपासून सुमारे पाच महिन्यांपर्यंत जिवंत राहू शकतो, असे प्रयोगशाळांतील निरीक्षणांत आढळले आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियससारखे इतर काही जिवाणूही कित्येक महिने तग धरतात. त्यामुळे एखाद्या पलंगावरचा रुग्ण घरी गेला किंवा दगावला तरी त्याचे जंतू त्या पलंगाभोवती मागे राहू शकतात. आधीच्या रुग्णाला असा चिवट जंतू असेल, तर त्याच खोलीत नंतर येणाऱ्या रुग्णाला तोच जंतू मिळण्याची शक्यता वाढते, असे अनेक देशांतील रुग्णालयांत दिसून आले आहे. रुग्ण हलवल्यानंतर पलंग, गादी, लॉकर, सलाईनचा स्टँड, तारा आणि पडदे यांची जी संपूर्ण सफाई केली जाते, तिला रुग्णालयाच्या भाषेत टर्मिनल क्लीनिंग म्हणतात. दारात नवा रुग्ण थांबलेला असताना ही सफाई घाईत उरकली जाणे हे संसर्गाचे एक मोठे आणि दुर्लक्षित कारण आहे.

मात्र पृष्ठभागावरचा जंतू आपण होऊन उडी मारून फुप्फुसात जात नाही. त्याला वाहून नेणारे कोणी तरी लागते आणि बहुतेक वेळा तो हात असतो. मोजे घातलेल्या हाताने मॉनिटरचा आवाज बंद करायचा आणि त्याच मोज्यांनी रुग्णाच्या श्वासनलिकेतील स्राव ओढून काढायचा, ही साखळी गर्दीच्या वेळी नकळत घडते. मोजे घालणाऱ्याला आपला हात सुरक्षित असल्याची जाणीव होते, पण रुग्णाच्या दृष्टीने मोजा ही केवळ दुसरी कातडी असते आणि तिच्यावरही जंतू तितकेच बसतात. घशातील नळीमुळे खोकल्याची नैसर्गिक ढाल निकामी झालेली असते, मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे (सेंट्रल लाइन) त्वचेचे कुंपण ओलांडले जाते आणि लघवीच्या नळीमुळे मूत्राशयाला बाहेरची वाट मिळते. म्हणूनच निरोगी माणसाला काहीही न करणारा जंतू आयसीयूतील रुग्णाला जिवावर बेततो.

येथे दोन गोष्टी स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. पहिली अशी, की नळीच्या स्रावात जंतू सापडला म्हणजे प्रत्येक वेळी त्याने आजार घडवलाच असे नसते. कधी कधी तो तेथे नुसता वस्तीला असतो. ताप, एक्स-रेमधील बदल आणि ऑक्सिजनची वाढलेली गरज या सर्वांचा एकत्र विचार करूनच डॉक्टर उपचार ठरवतात. दुसरी गोष्ट अशी, की सगळे जंतू बाहेरून येत नाहीत. पक्षाघाताच्या रुग्णाला गिळता येत नसल्यास त्याच्याच तोंडातील लाळ जंतूंसह फुप्फुसात उतरते, आणि त्यासाठी पलंगाची डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच ठेवणे व तोंडाची नियमित स्वच्छता करणे हे साधे उपाय आहेत. म्हणून एका अहवालावरून रुग्णालयाला दोषी ठरवणे न्याय्य होणार नाही. त्याच वेळी असा संसर्ग अटळ असतो हेही खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालानुसार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत रुग्णालयात दाखल होणाऱ्या 100 रुग्णांपैकी सुमारे 15 जणांना किमान एक संसर्ग तेथे लागतो, श्रीमंत देशांत हे प्रमाण सुमारे 7 आहे, आणि हात व परिसर यांच्या स्वच्छतेसह प्रतिबंधाची शिस्त नीट पाळली तर यांतील बहुतांश संसर्ग टाळता येतात.

प्रश्न : मी एका छोट्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे दर आठवड्याला आयसीयूच्या भिंती, फरशी आणि टेबल यांचे स्वॅब घेतले जातात, हवेतील जंतू पाहण्यासाठी जंतुवाढीच्या प्लेट उघड्या ठेवल्या जातात, आणि त्याआधी फॉर्मेलिनचे (फॉर्मल्डिहाइडच्या द्रावणाचे) फ्युमिगेशन, म्हणजे धुरी देणे, होते. अहवाल बहुतेक वेळा ‘जंतुवाढ नाही’ असाच येतो आणि तो फाइलला लागतो. तरीही रुग्णांमधील संसर्ग कमी झालेला दिसत नाही. आम्ही काय चुकतो आहोत?
— एक वाचिका, अंबाजोगाई

उत्तर : हे पत्र मी दोनदा वाचले, कारण आपण विचारलेला प्रश्न आपल्याकडील असंख्य प्रयोगशाळांच्या मनात असतो आणि तो फारसा कोणी विचारत नाही.

कोणताही विशिष्ट प्रश्न समोर नसताना ठरावीक दिवशी भिंती व फरशीचे स्वॅब घेत राहणे हे आज शास्त्रशुद्ध मानले जात नाही. अमेरिकेतील सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था आणि तेथील रुग्णालयांची संघटना यांनी 1970 मध्येच असे सरसकट नमुने थांबवण्याचा सल्ला दिला होता आणि 2003 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सीडीसीने तो पुन्हा मांडला. त्यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. भिंतीला सहसा कोणी हात लावत नाही, त्यामुळे तिच्यावरील जंतूंचा रुग्णाशी संबंध फारच थोडा येतो. फरशीवर जंतू असणारच, आणि पुसल्यानंतर थोड्याच वेळात ते पुन्हा दिसू लागतात. प्लेटवर जंतूंच्या किती वसाहती (पुंजके) आल्या तर धोका मानावा, याचे सर्वमान्य प्रमाण आयसीयूच्या पृष्ठभागांसाठी ठरलेले नाही. शिवाय कल्चरचा अहवाल हाती येईपर्यंत दोन दिवस जातात आणि तोवर त्या पलंगावर काय काय घडून गेलेले असते. फ्युमिगेशननंतर लगेच घेतलेला स्वॅब तर केवळ रसायनाची परीक्षा घेतो. रोजच्या सफाईविषयी तो काहीच सांगत नाही.

हवेच्या प्लेटचेही असेच आहे. नऊ सेंटिमीटर व्यासाची प्लेट जमिनीपासून एक मीटर उंचीवर, भिंतीपासून एक मीटर अंतरावर, एक तास उघडी ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध आहे, आणि एकाच खोलीतील दोन वेळांची तुलना करण्यासाठी तिचा उपयोगही होतो. परंतु तिच्यात आपल्या वजनाने खाली बसणारे कणच सापडतात. हवेत दीर्घकाळ तरंगत राहणारे सूक्ष्म कण तिच्यातून बरेचसे निसटतात, आणि श्वासाबरोबर खोलवर जाणारे कण तेच असतात. शिवाय खोलीत किती माणसे होती, चादर बदलली जात होती का, दार किती वेळा उघडले, यांवर आकडा सतत बदलतो. चादर झटकल्यावर त्वचेच्या सूक्ष्म कणांवर बसलेले जिवाणू मोठ्या संख्येने हवेत जातात. त्यामुळे आकड्याशेजारी या नोंदी नसतील, तर त्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

फॉर्मेलिनविषयी मी अधिक ठामपणे लिहितो. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडचा समावेश माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केला. त्याच्या वाफेने डोळे व घसा चुरचुरतो, आणि ती पूर्ण निघून जाईपर्यंत विभाग बंद ठेवावा लागतो, जे भरलेल्या आयसीयूत सहसा शक्य नसते. शिवाय कठड्यावर रक्ताचा किंवा स्रावाचा थर तसाच असेल तर धूर त्याच्या तळापर्यंत पोहोचत नाही. खरकटे न काढता भांड्यावर उकळते पाणी शिंपडले तर भांडे जसे घासले जात नाही, तसेच हे आहे. आधी घासणे आणि मग निर्जंतुक करणे, हा क्रम कोणत्याही यंत्राने किंवा औषधाने बदलत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ किंवा अतिनील दिवे काही ठिकाणी वापरले जातात. तेही हाताने केलेल्या सफाईनंतरची जोड म्हणूनच, आणि दिव्याचा प्रकाश सावलीत पोहोचत नाही हे लक्षात ठेवून.

मग प्रयोगशाळेने काय करावे? स्वॅब घेण्याचे प्रसंग निश्चितच आहेत. एकाच आयसीयूत थोड्या दिवसांत एकाच जंतूचे अनेक रुग्ण सापडले, तर उगम शोधण्यासाठी स्वॅब घ्यावेत, पण ते भिंतीचे न घेता त्या रुग्णांना वापरलेल्या वस्तूंचे, बेसिनच्या जाळीचे, नेब्युलायझरचे, सक्शनच्या बाटलीचे आणि हातांचे घ्यावेत. सफाईचे नवे द्रावण किंवा नवी पद्धत सुरू करताना आधीची व नंतरची तुलना करता येते. ऑटोक्लेव्हची (उपकरणे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) बीजाणू चाचणी आणि डायलिसिसच्या पाण्याची तपासणी मात्र नियमित व्हायलाच हवी, त्यात तडजोड नको.

रोजच्या सफाईची परीक्षा घेण्यासाठी एक स्वस्त आणि परिणामकारक मार्ग आहे. पुसले की निघून जाणाऱ्या पारदर्शक, चमकणाऱ्या जेलचे छोटे ठिपके सफाईपूर्वी कठड्यावर, पंपाच्या बटणावर, दाराच्या कड्यावर आणि लॉकरच्या खणावर लावावेत आणि सफाईनंतर अतिनील टॉर्च मारून पाहावे. ठिपका चमकला तर ती जागा पुसली गेलेली नाही. निष्कर्ष त्याच दिवशी सफाई करणाऱ्या मावशींना आणि मामांना दाखवावा, आणि तो शिक्षेसाठी वापरू नये. कोणती जागा सुटते हे त्यांना कळले की ती सुटणे कमी होते. आपली प्रयोगशाळा जो वेळ भिंतींवर घालवते, तो रुग्णांच्या कल्चर अहवालांतून कोणता जंतू कोणत्या पलंगावर किती वेळा येतो आहे याची मासिक नोंद ठेवण्यात घालवला, तर संसर्ग का कमी होत नाही हे आपल्याला त्या नोंदीतूनच दिसू लागेल.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा चाळिशीपार जातो. लहान रुग्णालयांच्या आयसीयूत एसी बंद पडला की कूलर लावतात किंवा खिडक्या उघडतात. यांतील कमी धोकादायक काय?
— एक वाचक, जालना

उत्तर : कूलर आयसीयूत लावू नये. त्याच्या टाकीत साचलेले पाणी व ओले पॅड जंतूंना पोसतात आणि पंखा तेच रुग्णाच्या अंगावर सोडतो. खिडकी उघडल्याने ताजी हवा मिळते हे खरे, पण बाहेर बांधकाम किंवा पाडकाम चालू असेल तर धुळीबरोबर अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू आत येतात, आणि स्टिरॉइड घेणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना ते घातक ठरू शकतात. तात्पुरती सोय म्हणून खिडकी उघडावी लागली, तर ती बांधकामाच्या विरुद्ध बाजूची असावी आणि तिला जाळी असावी.

यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा असा, की भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी खोलीतील तीच हवा थंड करून फिरवतो, नवी हवा आणत नाही. आयसीयूसाठी तासाला किमान सहा वेळा हवा बदलली जावी आणि त्यात काही भाग बाहेरच्या, गाळलेल्या हवेचा असावा, असे प्रचलित मानक आहे. या गतीने हवेतील 99 टक्के कण निघून जायला सुमारे 46 मिनिटे लागतात, आणि तासाला बारा बदल झाले तर सुमारे 23 मिनिटे. क्षयरोगाचा संशय असलेला रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर हा हिशेब फार मोलाचा ठरतो. त्याला बारा बदलांची, आतला दाब कमी असलेली वेगळी खोली हवी. असिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला यांसारख्या जंतूंच्या बाबतीत हवेचा वाटा हात व वस्तूंच्या तुलनेत बराच कमी असतो. क्षय, गोवर, कांजिण्या आणि बुरशी यांच्या बाबतीत मात्र हवा हाच मुख्य मार्ग असतो. एसीची जाळी वेळेवर धुतली जाते का आणि आयसीयूचे दार सतत उघडे तर राहत नाही ना, या दोन गोष्टी कोणतेही यंत्र न घेता आजपासून पाहता येतात.

प्रश्न : आमच्या भागात टँकरवर दिवस काढावे लागतात. 2016 साली तर मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाणीच नसेल तर रुग्णालयाने स्वच्छता कशी ठेवायची?
— एक वाचक, लातूर

उत्तर : पाण्याची टंचाई असलेल्या ठिकाणी सर्वांत मोठा दिलासा अल्कोहोलच्या हॅंडरबचा आहे. हातावर दिसणारी घाण नसेल तर 20 ते 30 सेकंद हॅंडरब चोळणे साबणाच्या पाण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरते आणि त्याला थेंबभरही पाणी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 80 टक्के इथेनॉल किंवा 75 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरून स्थानिक पातळीवर हॅंडरब बनवण्याची कृती जाहीर केलेली आहे. मात्र बाटली प्रत्येक पलंगाशी हवी. दाराजवळच्या एकाच बाटलीने काम भागत नाही. हात रक्ताने किंवा विष्ठेने माखलेले असतील, अथवा रुग्णाला क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलचे जुलाब असतील, तर साबण आणि पाण्यानेच 40 ते 60 सेकंद हात धुवावेत, कारण त्या जिवाणूच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही. उपलब्ध पाणी या प्रसंगांसाठी राखून ठेवावे.

पृष्ठभाग पुसायला पाणी कमी लागते, शिस्त जास्त लागते. प्रत्येक पलंगाला वेगळे फडके घ्यावे, वापरलेले फडके पुन्हा स्वच्छ द्रावणात बुडवू नये, वरून खाली आणि स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे पुसत यावे, आणि आयसीयूत कोरडा झाडू कधीही मारू नये. बाजारात मिळणारे हायपोक्लोराइट (क्लोरिनयुक्त जंतुनाशक द्रावण) पाच टक्क्यांचे असेल, तर एक लिटर द्रावणात ते 20 मिलिलिटर घेतल्यास 0.1 टक्के द्रावण होते आणि 200 मिलिलिटर घेतल्यास एक टक्का होते. पहिले रोजच्या पुसण्यासाठी आणि दुसरे रक्त सांडल्यास वापरावे. द्रावण रोज ताजे करावे, पुसलेली जागा दहा मिनिटे ओली राहू द्यावी, आणि शौचालय साफ करण्याच्या अ‍ॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. 1847 मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी बाळंतिणींचे मृत्यू कमी करण्यासाठी डॉक्टरांना हात धुवायला लावले, तेही क्लोरिनयुक्त चुन्याच्या द्रावणात.

टँकरचे पाणी टाकीत घेतल्यावर गावाकडे ग्रामपंचायतीत करतात तशी ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे का याची तपासणी, रुग्णालयानेही रोज करावी. आणि ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत टाकीचे किंवा नळाचे पाणी कोणत्याही टंचाईत भरू नये. तेथे निर्जंतुक पाणीच हवे, कारण त्यातील ओलावा थेट फुप्फुसात जातो.

प्रश्न : आजोबा आयसीयूत असताना घरातल्यांनी देवाचा अंगारा नेला, तर सिस्टरने आत येऊ दिला नाही. चपला मात्र काढायला लावल्या. या नियमांना काही आधार आहे का?
— एक वाचिका, हिंगोली

उत्तर : चपला काढल्याने किंवा बूटकव्हर घातल्याने रुग्णाचा संसर्ग कमी होतो, याला फारसा आधार नाही. उलट चपला काढताना हाताला लागलेली घाण तशीच आत जाते, म्हणून त्यानंतर हात स्वच्छ केलेच पाहिजेत. अंगाऱ्याच्या बाबतीत सिस्टरचे म्हणणे योग्य होते. राख, फुले, तीर्थ आणि प्रसाद यांतून बुरशीचे बीजाणू व जिवाणू येऊ शकतात, आणि घशात नळी असलेल्या रुग्णाच्या कपाळाला लावलेली राख नळीपर्यंत जायला वेळ लागत नाही. आपली श्रद्धा मला समजते, आणि रुग्णालयानेही ती समजून घ्यावी. अंगारा पाकिटात बंद करून उशाच्या लॉकरवर ठेवू द्यायला हरकत नसावी. मोबाइल मात्र बाहेरच ठेवावा किंवा अल्कोहोलने पुसून न्यावा. भेटीला एका वेळी एकानेच जावे, आत जाताना आणि बाहेर येताना हॅंडरब चोळावा, पलंगावर बसू नये, आणि सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊ नये.

प्रश्न : माझी आई आयसीयूत सफाईचे काम करते. ती घरी आली की शेजारणी तिच्यापासून लांब बसतात. तिच्याबरोबर ते जंतू घरी येतात का? तिने काय काळजी घ्यावी?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : शेजारणींनी लांब बसण्याचे काहीही कारण नाही. आयसीयूत आढळणारे चिवट जंतू निरोगी माणसाला सहसा आजारी पाडत नाहीत. आईने काम संपल्यावर हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत, कामाचे कपडे रुग्णालयातच बदलावेत आणि घरी ते वेगळे, गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवावेत. एवढे पुरेसे आहे. वरच्या सर्व उत्तरांतील उपाय शेवटी आपल्या आईसारख्या माणसांच्या हातून घडतात, आणि एखाद्या पलंगाचा कठडा तिने नीट पुसला म्हणून पुढच्या रुग्णाचे फुप्फुस वाचते, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

तिला खरा धोका वेगळ्या गोष्टींचा आहे. फडक्यात किंवा पिशवीत राहून गेलेली सुई टोचण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. तिने पातळ मोज्यांऐवजी जाड रबरी मोजे आणि बंद पादत्राणे वापरावीत, कचऱ्याची पिशवी हाताने दाबू नये, आणि सुया पांढऱ्या, टोचता न येणाऱ्या डब्यातच टाकल्या जाव्यात याचा आग्रह धरावा. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार कामगारांना संरक्षक साधने व हिपॅटायटिस बीची लस देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे, मग आई ठेकेदारामार्फत कामाला असली तरीही. लसीचे तीन डोस असतात, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. ते झाले आहेत का, हे आईला आजच विचारा. हायपोक्लोराइट कालवताना खिडकी किंवा दार उघडे ठेवावे आणि डोळ्यांना चष्मा लावावा. सुई टोचलीच तर जखम दाबून रक्त काढू नये, ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी आणि लगेच सिस्टरला व डॉक्टरांना सांगावे, कारण एचआयव्हीविरोधी प्रतिबंधक गोळ्या शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. नोकरी जाईल या भीतीने टोचलेली सुई तिने लपवू नये, आणि नोंद करून घ्यायला कोणी टाळाटाळ केली तर ती लेखी मागावी.